कर्ता पुरुष

बाबा,

ज्या दिवशी तुम्ही मला दार उघडलं नाहीत, तिथूनच सुरुवात करते. माझी सहावीची परीक्षा संपली होती, मे महिना होता, आणि मी मैत्रिणीकडून भर दुपारची घरी आले होते. अंजनगावचं ते ऊन तुम्हाला सांगायला नको. मी कडी वाजवली. आतून तुमचा आवाज आला, "हू इज इट?" मी म्हटलं, "मी." कडी निघाली नाही. तुम्हाला इंग्रजीत उत्तर हवं असतं हे आठवून मी म्हटलं, "इट्स मी, बाबा." तुम्ही दाराच्या पलीकडेच उभे होतात, तुमच्या स्लीपरचा आवाज येत होता. "मी हे कर्म आहे," तुम्ही म्हणालात. "इथे कर्ता हवा. विचार कर, घाई नाही." मला काही कळेना. मराठीत 'मी' कर्ता, तोच शब्द इंग्रजीत गेला की कर्म कसा होतो, हे अकरा-बारा वर्षांच्या डोक्यात त्या उन्हात शिरणार नव्हतं. पायाखालची फरशी भाजत होती, म्हणून मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहत होते. आतून आईचा आवाज आला, "अवो, लेकरू तापून राह्यलं बाहीर, उघडा ना." तुम्ही म्हणालात, "उघडतो. तिला बरोबर सांगू दे." 'इट इज ही' झालं, 'इट इज माय' झालं, शेवटी जे उरलं होतं ते मी म्हटलं, "इट इज आय." कडी निघाली. तुम्ही माझ्या गालावर थोपटलंत आणि म्हणालात, "व्हेरी गुड." आत गेल्यावर माझा घोळणा फुटला. आईनं मला मोरीजवळ बसवून डोक्यावर पाणी ओतलं, फोडलेला कांदा नाकाशी धरला. तुम्ही बैठकीतून म्हणालात, "आता आयुष्यात विसरणार नाही." नाही विसरले.

तालुक्यात तुमचं नाव होतं, हे मी नाकारत नाही. पानमळेवाल्यांची पोरं, कापसाच्या व्यापाऱ्यांची पोरं, पार दर्यापूरकडची पोरं सकाळी सहाला आमच्या बैठकीत सतरंजीवर बसलेली असायची. तुम्ही फळ्यावर कर्त्याच्या आणि कर्माच्या जागी येणारी सर्वनामं लिहायचात. 'आय' आला की पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायची, कारण त्यांतली निम्मी घरी आईला आयच म्हणायची. 'शी' आला की हसू फुटायचं. तुम्ही छडी टेबलावर आपटायचात आणि हसू बंद व्हायचं. एकदा एसटीनं अमरावतीला जाताना तुम्ही मला सांगितलं होतंत की इंग्रजीत 'आय' नेहमी मोठ्या लिपीतच लिहायचा, वाक्याच्या सुरुवातीला असो की पोटात, त्याचा मान कमी होत नाही. मला ते फार आवडलं होतं. इंग्रजी मला तुमच्यामुळेच आवडायला लागलं, आणि याचाच मला जास्त राग येतो. तुम्ही नुसते वाईट मास्तर असतात तर सोपं होतं.

बैठकीच्या मागे लगेच स्वयंपाकघर होतं, मध्ये फक्त पडदा. आई तिथे पोळ्या लाटायची. ती अकोल्याची, डी.एड. झालेली, वर्गात पहिल्या पाचांत नंबर काढलेली. लग्नानंतर तिनं नोकरीचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, घरात कर्ता पुरुष असताना बाईनं बाहेर कशाला राबायचं. हे ती मला हसत सांगायची, जणू तुम्ही तिचं कौतुक केलं होतं. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा बघितलं, तिचे ओठ हलत होते. बाहेर पोरं 'ही गोज, शी गोज' घोकत होती आणि आत ती पोळीबरोबर तेच घोकत होती. माझ्याकडे लक्ष जाताच ती गप्प झाली. म्हणाली, "कान हायेत त ऐकू येते. तुह्या बाबाले नको सांगू."

मी नववीत असताना ती गोष्ट झाली. गावात इंग्रजी माध्यमाची पहिली शाळा निघत होती. काढणारे अध्यक्ष तुमच्या ओळखीचे, कापसाचे व्यापारी. एका दुपारी ते नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला घेऊन आमच्याकडे आले. बाई दक्षिणेकडच्या होत्या, मराठी त्यांना येत नव्हतं. तुम्ही शाळेत होतात. दार आईनं उघडलं, मी तिच्या मागे सांबार निवडत बसले होते. तुमच्यासमोर त्याला कोथिंबीर म्हणावं लागायचं, तुम्ही नसलात की तो सांबारच असायचा. बाईंनी इंग्रजीत विचारलं, सर घरी आहेत का. मला वाटलं आता आई माझ्याकडे बघेल. तिनं पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "हिम नॉट इन हाउस, मॅडम. हिम गो टू स्कूल. प्लीज सिट. टी?"

बाई हसल्या, पण आईला नाही, आईकडे बघून हसल्या. दोन्हींत फरक असतो, बाबा. त्या बसल्या. आईनं चहा केला. त्यांनी विचारलं, मुलं किती, शिक्षण किती, आणि आई जमेल तसं बोलत राहिली. जिथे शब्द अडला तिथे हातानं दाखवलं. लहान पोरांना बेरीज कशी शिकवायची हे तिनं मुठीतल्या तुरीच्या दाण्यांनी करून दाखवलं. अध्यक्ष बघतच राहिले. "वहिनी, तुमी डी.एड. हायेत? मंग घरी काहून बसल्या? आमाले बालवाडीले बाई पाह्यजे. लहान पोरं हायेत, त्याइले असंच तं शिकवा लागते." बाई म्हणाल्या, बाकी मी शिकवीन, शी इज गुड विथ चिल्ड्रन. रविवारी सरांशी बोलायला येतो म्हणून ते गेले. आई बराच वेळ दारात उभी होती. मी तिला त्याआधी किंवा त्यानंतर तशी उभी असलेली बघितली नाही.

तुम्ही संध्याकाळी आलात. आईनं तुम्हाला सगळं सांगितलं, आणि तिचं इंग्रजीही सांगितलं, अगदी कौतुकानं, लहान मुलीनं शाळेतली कविता म्हणून दाखवावी तसं. "मी म्हटलं, हिम नॉट इन हाउस." तुम्ही जेवायला बसला होतात. तुम्हाला इतकं हसू आलं की ठसका लागला. आईला वाटलं तुम्ही आनंदानं हसताय, तीही हसायला लागली, तुमच्या पाठीवरून हात फिरवत. मग तुम्ही पाणी पिऊन म्हणालात, "अगं, हिम नाही. ही. कर्त्याच्या जागी ही येतो. माझ्या घरात राहून हिम इज म्हणतेस?" तिचा हात पाठीवरून खाली आला.

रविवारी तिनं निळी साडी नेसली होती. अध्यक्ष आणि बाई आले, पोहे झाले. तुम्ही बाईंशी तासभर इंग्रजीत बोललात. तुमचं इंग्रजी सुंदर होतं, हेही खरं. मग अध्यक्षांनी विषय काढला. तुम्ही हसून म्हणालात, "हिला कुठे नेता? पाया कच्चा आहे. उद्या तुमची पोरं घरी जाऊन हिम इज, हर इज म्हणतील, आणि लोक बोट माझ्याकडे दाखवतील. गावात माझं नाव आहे." बाईंना मराठी कळलं नाही, पण आईचा चेहरा कळला असावा. त्या म्हणाल्या, भाषेचं बघून घेऊ. तुम्ही म्हणालात, "नो, मॅडम. शी इज अ व्हेरी गुड कुक." वाक्य अगदी बिनचूक होतं. आई चहाचा ट्रे घेऊन पडद्यापाशी उभी होती. तिनं ट्रे स्टुलावर ठेवला आणि आत गेली. मला वाटलं ती रडत असेल, म्हणून मी मागे गेले. ती रडत नव्हती. साडी बदलत होती.

तेवढ्यावर थांबला असतात तर कदाचित विरून गेलं असतं. तुम्ही स्टाफरूममध्ये सांगितलंत. स्टाफरूममधून ते वर्गात गेलं, वर्गातून गल्लीत. क्रिकेट खेळणारी पोरं आमच्या दारावरून जाताना ओरडायची, "हिम नॉट इन हाउस!" आणि पळायची. तुम्ही शिकवलेलीच पोरं ती. तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही म्हणायचात, विनोदातून व्याकरण पक्कं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी दुसऱ्या कुणालातरी घेतलं. ती बाई पुढे त्याच शाळेतून निवृत्त झाली. आई त्या शाळेसमोरून कधी गेली नाही, बाजारातून येताना लांबच्या रस्त्यानं यायची.

मग घरी टेलिफोन बसला. तुम्हाला पुण्या-नागपूरच्या लोकांचे फोन यायचे, पेपर काढणारे, पुस्तक मंडळावरचे. तुम्ही आईला शिकवलंत की फोन उचलून 'ही इज नॉट ॲट होम' असंच म्हणायचं, इंग्रजीच्या मास्तरचं घर आहे. तुम्ही तिच्याकडून ते पाठ करून घेतलंत, तीन-चार दिवस, जेवताना, झोपताना. पाचव्या दिवशी तुम्ही घरात असतानाच फोन वाजला, तिनं उचलला आणि घाबरून तिच्या तोंडून तेच 'हिम' गेलं. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. त्या दिवसानंतर तिनं फोन उचलला नाही. कुणाचाच नाही.

हे सगळं मी विसरायला तयार होते. माणसं अशी असतात, आणि माझं लग्न होऊन मी अकोल्याला गेले होते. पण मग पाचव्या महिन्यात माझं पोट दुखायला लागलं. सकाळची वेळ होती, हे दौऱ्यावर होते, सासूबाई गावी. शेजारणीनं ऑटो करून मला दवाखान्यात नेलं आणि तिथल्या काउंटरवरून मी घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली. शेजारीण म्हणाली, "कोणी नसन घरी." मला माहीत होतं की तुम्ही पेपर तपासायला अमरावतीला गेला असणार. पण आई घरात होती. आई कुठे जाणार? मी तिसऱ्यांदा लावला. मग नर्सनं फोन माझ्या हातातून घेतला.

मुलगा होता, असं नंतर सांगितलं. आई दोन दिवसांनी आली. माझ्या पायथ्याशी बसली आणि माझे पाय चोळत राहिली. मी विचारलं, "आई, तू घरी नव्हतीस?" ती म्हणाली, "होती. वाजून राह्यला होता. मी बाजूलेच बसली होती. मले वाटलं त्याइचा कोनाचा असन इंग्रजीतला." मग दुसरा पाय हातात घेऊन म्हणाली, "मले काय माईत वं, तू असशीन." तुम्हीही आला होतात तिच्याबरोबर. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत होतात. मी खोलीतून तुमचा आवाज ऐकत होते. तुम्ही फार काळजीनं विचारत होतात, आणि प्रत्येक वाक्यात कर्ता जागच्या जागी होता.

तुमच्या बाजूनंही थोडं लिहायला हवं. तुम्ही गेल्यावर तेराव्याला आत्या बोलली. म्हणाली, तुम्ही खेड्यातून अमरावतीच्या कॉलेजात गेलात तेव्हा 'मले' म्हणालात म्हणून एका प्राध्यापकानं तुम्हाला वर्गात तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं. सुट्टीत घरी आलात तेव्हा तुम्ही बोलतच नव्हतात, आजीनं विचारलं तर मान हलवायचात. परत गेलात ते 'मला' म्हणणारे होऊन. हे ऐकून माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उभं राहिल्यावर कसं वाटतं हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरीही तुम्ही दार उघडलं नाहीत.

मी इंग्रजीचीच मास्तरीण झाले. आधी अमरावतीच्या कॉलेजात, आणि नोकरी संपल्यावर इथेच घरी क्लास. काही वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांचं इथे अमरावतीत प्रशिक्षण होतं. एक म्हातारे गृहस्थ शिकवायला आले होते, उभं आयुष्य व्याकरणात घालवलेले. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, सर, दार वाजवल्यावर 'इट इज आय' म्हणायचं की 'इट्स मी'? ते बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "अहो बाई, 'इट इज आय' म्हणतं कोण? पुस्तकात राहिलंय ते. 'इट्स मी' बरोबरच आहे. खुद्द इंग्रज तसंच म्हणतो." इतकं सहज म्हणाले. मी कप ठेवला आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. मैत्रीण म्हणाली, काय झालं गं? मी म्हटलं, ऊन लागलं. बाबा, मी चुकले नव्हते. त्या दुपारी पहिल्यांदा जे म्हटलं तेच बरोबर होतं.

आई मात्र चुकली होती. तिचं 'हिम' कुठल्याच पुस्तकात बसत नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आता ती माझ्याकडे असते. गुडघे गेलेत, त्यामुळे वरच्या मजल्यावरच असते, खाली क्लास चालतो. कधी मोबाइलवरून शिकवायचं असलं की मी वर स्वयंपाकाच्या ओट्याजवळच बसते. गेल्या महिन्यात मी असंच शिकवत होते, कर्त्याच्या जागी काय येतं आणि कर्माच्या जागी काय. आई मेथी निवडत होती. तास संपल्यावर म्हणाली, "अजूनई 'ही' न 'हिम'च शिकवून राह्यली का?" मी हसले. मग का कोण जाणे, विचारलं, "आई, तू तेव्हा हिम का म्हटलं होतंस? पोरं तर रोज 'ही'च घोकायची. तू ऐकत होतीस."

ती मेथीची काडी हातात धरून म्हणाली, "ऐकत तं होती. पन 'ही' आपल्यात बाईमानसाले म्हंतेत ना. थे मले म्हनत, हिला काई येत नाई, हिला काई समजत नाई. मंग आपल्या घरच्या मानसाले मी 'ही' कसं म्हनू? फळ्यावर दोनई होते, ही न हिम. मले वाटलं, हिम मोठ्या मानसाले म्हनत असतीन, आपन अहोजाहो करतो तसं." तिनं काडी टाकली. "त्याइचा मान राहाव म्हनून म्हटलं, बाई. दुसरं काय."

ती हे तुम्हाला कधीच बोलली नाही. का, विचारलं तर म्हणाली, "त्याइनं इचारलंच कुठी?" पाया कच्चा आहे असं तुम्ही म्हणाला होतात. दोन शब्द समोर ठेवून, दोन्हींचं वजन करून, तिनं त्यातला मानाचा वाटला तो तुमच्यासाठी उचलला होता. तुम्ही कारण विचारलं असतंत तर मास्तर म्हणून तुम्हाला तिचं कौतुकच वाटलं असतं. एवढा विचार करून चुकणारा विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत क्वचित भेटला. मी त्या संध्याकाळी तुमच्यावर इतकी चिडले होते की भाजीत मीठ दोनदा पडलं, आणि आईनं मुकाट्यानं खाल्ली.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहून टाकते. त्यानंतर आठवड्याभरात वादळ झालं आणि क्लासचा फ्लेक्स फाटला. त्यावर वर ठळक अक्षरांत तुमचं नाव असतं, 'सरांचे इंग्रजी वर्ग' म्हणून, आणि खाली बारीक माझं. नवीन करायला देताना मी फोनवर मजकूर सांगत होते, तर आई आतून म्हणाली, "आता त्याइचं नाव नको टाकू. तुहं टाक." तुमच्याविरुद्ध तिनं आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला, खाली गेले आणि परत फोन करून सांगितलं, पहिल्यासारखंच ठेवा. अजून अंजनगाव, दर्यापूरची माणसं तुमच्या नावानं पोरं आणून घालतात. माझ्या नावानं कोण येईल, हे मला करून बघायचं नव्हतं.

फ्लेक्स लागला त्या दिवशी आईनं विचारलं, "काढलं?" तिला वरून फक्त त्याची मागची बाजू दिसते.

मी म्हटलं, काढलं.

ती म्हणाली, "बेस केलं."